सुशीला खाल्ल्याची हकिकत

आमच्या परभणीकडं सकाळी सुशीला खातात. हे वाक्य मी एकदा पुण्याहून बदलून आलेल्या नव्या सिस्टरसमोर सहज बोलून गेले, तर तिच्या हातातला ट्रे खाली पडला आणि सिरिंजा वॉर्डभर लोळल्या. तिला वाटलं, ह्या मुलखात माणसं माणसांना खातात. म्हणून आधीच सांगून टाकते. सुशीला म्हणजे मुरमुरे पाण्यात बुचकळायचे, घट्ट पिळायचे, कांदा-मिरची-शेंगदाण्याच्या फोडणीत परतायचे आणि वरून डाळव्याचं, म्हणजे भाजक्या हरभऱ्याच्या डाळीचं, कूट आणि कोथिंबीर भुरभुरायची. पोह्यांची बहीण म्हणा, पण रूपानं आणि गुणानं थोरली. वालूरच्या आमच्या घरी माय ती रोज करायची, आणि फोडणी अशी बसायची की तिकडं सेलूच्या स्टेशनात उभ्या गाडीतली माणसं शिंकायची. कुणी म्हणेल, कौसाबाई वाढवून सांगतात. सांगते. नोकरीभर जेवढा ताप होता तेवढाच तक्त्यावर लिहिला. आता निवृत्तीनंतर अर्धा डिग्री वर लिहिला तर कुणाचा जीव जाणार आहे?

अडचण एवढीच, की माझ्या मैत्रिणीचं नावही सुशीलाच होतं. आणि आमची मैत्री ऐन भरात असताना तिनं मला एका सकाळी बजावलं होतं, "माझं नाव हाय ते. माझं नाव तू चावायचं न्हाई." मी हातातली बशी खाली ठेवली. त्यानंतर कितीतरी वर्षं, घरातले सगळे समोर बसून सुशीला चापत असताना, मी शिळी भाकरी दुधात कुस्करून गिळत राहिले. माय म्हणायची, "कौशे, पोटात जंत झालेत का ग?" मी मान डोलवायची. जंत परवडले असते. जंतांना औषध असतं.

ही सुशीला, म्हणजे आमची सुशी, कापडदुकानवाल्यांची एकुलती एक लेक. तिचं घर गावातलं सगळ्यात नीटनेटकं आणि सगळ्यात मुकं. आई अंथरुणाला खिळलेली, वडील दिवसभर दुकानात कापड मोजणार आणि घरीही मापानंच बोलणार. भिंतीवरचं घड्याळ तेवढं मोकळेपणानं बोलायचं. उलट आमचं घर मास्तराचं, माळवदाचं, दीड खोलीचं. दादा, म्हणजे माझे वडील, शाळेतून आले की कविता मोठ्यानं म्हणणार, माय चुलीपुढून त्यांना उत्तरं देणार, म्हैस मागच्या दारातून दोघांना दाद देणार. आणि ह्या सगळ्यांवर माझा आवाज. माझ्या आवाजाबद्दल काय सांगावं! मी लहानपणी एकदा माळवदावरून मायला हाक मारली, तर फाट्यावर जिंतूरची एस.टी. थांबली आणि कंडक्टर उतरून विचारायला लागला, कोण चढायचंय. शाळेत प्रार्थना सांगायला हेडमास्तर मलाच उभी करायचे, कारण मग शेजारच्या गावच्या शाळेला वेगळी प्रार्थना घ्यावी लागत नसे.

सुशीचा आवाज मात्र मुंगीच्या पावलाचा. तिनं माझ्या आवाजासाठीच माझ्याशी मैत्री केली, असं मला पुढं फार वर्षं वाटत राहिलं. ते खोटं होतं. तिला आमच्या घरातला सगळाच गलका पाहिजे होता. पहिल्या दिवशी ती आमच्या उंबऱ्यावर येऊन बसली ती दिवेलागणीला उठली, आणि उठताना मायच्या पदराचा वास घेऊन गेली. मला ते दिसलं आणि मी विरघळले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही एका बाकावर, एका झाडाखाली, एका वेणीफणीत. गाव आम्हाला 'कौशीसुशी' असं एका दमात म्हणायला लागलं. शाळेच्या वाटेवर ती माझ्या कानात कुजबुजायची आणि मी ते गावभर वाजवायची. "रुक्मिणीच्या परकराला ठिगळ हाय," असं ती कानात म्हणाली की मी ते अशा आवाजात म्हणायची की रुक्मिणीच्या आजोळापर्यंत कळावं. मार मी खायची. सुशी बाजूला पापण्या खाली घालून उभी. मार खाल्ल्यावर ती माझी पाठ चोळून द्यायची, आणि खरं सांगू, ते चोळणं इतकं गोड असायचं की मी पुढच्या माराची वाट बघायची.

तिच्या बोलण्यात 'मी' फारसं नव्हतंच. होतं ते 'आमी'. "आमाला भूक न्हाई." "आमाला हिरवा रंग आवडत न्हाई." "आमी जत्रंला येणार न्हाई." मला कडकडून भूक लागलेली असायची, हिरवा माझा जीव की प्राण, आणि जत्रेतल्या पाळण्यात बसायला मी महिनाभर आधीपासून पैलवानासारखी तयारी केलेली. पण आमी म्हटल्यावर त्यात मीही आले. एकदा मी त्या रुक्मिणीबरोबर लगोरी खेळले, तर सुशी उपाशी राहिली. तोंडात पाणी घेईना. तिचे वडील कधी नव्हे ते आमच्या दारात आले आणि मायला म्हणाले, "वहिनी, तुमची कौशी आली तर लेकरू जेवल." माय मला घेऊन गेली. सुशीनं माझ्या हातून घास घेतला, आणि प्रत्येक घासागणिक माझ्याकडून वदवून घेतलं, "आमाला रुक्मिणी आवडत न्हाई." मायनं परत येताना वाटेत एवढंच विचारलं, "तुला आवडती का?" मी म्हणाले, "आमाला न्हाई आवडत." घरी आल्यावर मायनं भांडी जरा जास्तच जोरात घासली.

बांगड्यांचं सांगायचं राहिलं, आणि सगळी हकिकत तर बांगड्यांवरच फुटायची आहे. सुशीचा हात सव्वादोनचा. म्हणजे कासारणीच्या मापात बघितलं तर चिमणीचा. माझा अडीचचा, आणि तोही कासारीण लाजेखातर अडीच म्हणायची. दर सणाला ताराकासारीण गावात आली की सुशी फर्मान काढायची, "दोघीला एकाच मापाच्या. सव्वादोन." ताराकासारीण म्हणायची, "अगं, हिचा हात हाय का नांगराचा दांडा?" सुशी शांतपणे म्हणायची, "आमचा हात सारखाच हाय." मग साबण लावायचा, तेल लावायचं, कासारीण माझा हात मांडीवर घेऊन पीठ मळल्यासारखा मळायची, अंगठ्याचं हाड तळहातात दडपायची, आणि म्हणायची, "ढिल्ला सोड, पोरी. हात ढिल्ला सोडला की काहीबी चढतं." मी ढिल्ला सोडायची. बांगड्या चढायच्या. माझे पंजे आठवडाभर वांग्यासारखे जांभळे असायचे. पुढं नर्सिंगला शरीरशास्त्र शिकवताना बाईंनी विचारलं, हाताच्या पंजात हाडं किती, तर मी म्हणाले, माझ्यात आता मोजण्यासारखी राहिली नसतील.

आम्ही मोठ्या झालो तसं सुशीला एकच भीती खायला लागली. लग्न झालं की कौशी एका गावाला आणि आपण दुसऱ्या. मग तिनं ठरवलं, एकाच घरात पडायचं. जावा व्हायचं. मारुतीच्या पारावर तिनं माझा हात धरून शपथ घेतली, "आमी एकाच मांडवात, एकाच उंबऱ्यात." मी हो म्हणाले. त्या वयात मला ते फार शूर वाटलं. आज माझी नात तिच्या मैत्रिणीच्या नावाचं अक्षर हातावर मेंदीनं काढते तेव्हा मी फक्त सकाळी तिला विचारते, "तुला काय खायचंय?" आणि 'तुला' जरा दाबून म्हणते.

त्याच सुमारास औरंगाबादहून मामा आला. दवाखान्यातल्या नर्सच्या ट्रेनिंगला माझा नंबर लागला होता. राहायचं, जेवायचं, शिकायचं, सगळं तिकडंच. दादांनी सगळ्या गल्लीला पेढे वाटले. मला तर त्या रात्री झोपेत पांढऱ्या साडीचा स्टार्च अंगाला टोचत होता. सकाळी मी सुशीला सांगायला धावले. ती ऐकून घेऊन म्हणाली, "चांगलं झालं." एवढंच. आणि मग दोन दिवसांनी दादा एकाएकी गप्प झाले. मामाला परत निरोप गेला की पोरगी येणार नाही. मी वाट बघत राहिले, दादा काही सांगतील. ते सांगेनात. मग मीही त्यांच्याशी बोलणं टाकलं. आमच्या घरात पहिल्यांदाच अशी शांतता आली की म्हैस आटली. मला वाटत होतं, दादांनीच माझा पाय ओढला. चार बापांसारखे तेही निघाले शेवटी, असं म्हणत मी चुलीपुढं बसून रडायची आणि सुशी माझे डोळे तिच्या पदरानं पुसायची.

तेवढ्यात ताडकळसचं घर आलं. दोन भावांचं, शेतीभातीचं, आमच्या दोन्ही घरांच्या गोतातलं. थोरल्याशी सुशीची सुपारी फुटलीच होती. तिनं वडिलांच्या मागं लागून धाकट्यासाठी माझं नाव पुढं केलं. धाकटा स्वभावानं गरीब होता, त्याच्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. फक्त तो बैठकीत बसला की सतरंजीत आणि त्याच्यात फरक करावा लागायचा. माझ्या सुपारीचा दिवस ठरला. बाहेर वसरीत ताडकळसचे पाव्हणे, मध्ये तबकात सुपारी आणि अडकित्ता, आत आम्ही बायका. हिरवा चुडा भरायला ताराकासारीण. आणि सुशीनं आधीच सांगून ठेवलं होतं, "जावांचा चुडा एका मापाचा. सव्वादोन."

पहिला डझन उजव्या हातात कसाबसा गेला. डाव्याला दोन-तीन गेल्या आणि पुढची अंगठ्याच्या हाडावर अडकली. पुढंही जाईना, मागंही येईना. हात सुजायला लागला. कासारणीनं साबणाचा फेस माझ्या कोपरापर्यंत नेला आणि माझं मन दुसरीकडं जावं म्हणून म्हणाली, "तू तर नर्सबाई होणार होतीस ना ग? सगळं गाव पेढे खाऊन बसलंय."

मी काही बोलायच्या आत सुशीनं उत्तर दिलं. तिनंच द्यायचं असायचं. "न्हाई म्हणलं आमी. दादांना मीच सांगितलं, कौशीचं मन न्हाई, तुमच्या भीतीनं बोलत न्हाई ती. रात-रातभर रडायलीय म्हणलं."

माझ्या कानातून वाफ निघाली म्हणा. मी विचारलं, "कवा सांगितलंस?"

"मामा गेल्यावर." ती माझ्या कपाळावरचा केस मागं सारत म्हणाली, "अन् काय चुकीचं सांगितलं? आमी कुटं जाणार हाव एकमेकीला सोडून? ताराबाई, दाबा जरा. कौशे, हात ढिल्ला सोड."

ढिल्ला सोड. मला दादा दिसले, महिनाभर माझ्यासमोर खाली मान घालून जेवणारे. माझ्या भीतीनं लेक रडते, असं मनात घेऊन बसलेला तो माणूस, आणि त्याच्याशी अबोला धरलेली मी. वसरीत अडकित्त्याचा आवाज आला. पाव्हण्यांनी सुपारी हातात घेतली होती. ती फुटली की संपलं. मग मी ताडकळसची आणि आमी जन्माचे.

मी मूठ वळली.

तुम्हाला सांगते, बाई असो की बाप्या, अशी मूठ मराठवाड्यात त्याआधी कुणी वळलेली नाही. अडकलेली बांगडी कडाडली. तिच्या मागच्या कडाडल्या. मग मी उजवी मूठ वळून जमिनीवर हाणली, तर तो अख्खा डझन असा उडाला की कोनाड्यातल्या देवांच्या अंगावर हिरवा पाऊस पडला. कासारीण साबणाच्या पाण्यात मागं बसली. माझ्या डाव्या मनगटातून रक्त आलं. तो वण अजून आहे, घड्याळाच्या पट्ट्याखाली.

आता आमच्याकडं बांगडी फुटत नसते. ती 'वाढते'. कुंकवाचा करंडा संपत नाही, वाढतो. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. सुपारीच्या दिवशी तर बांगडीला 'फुटली' म्हटलं तरी पाव्हणे चपला शोधतात. म्हणून सगळ्या बायका एकदम म्हणायला लागल्या, "वाढली ग बाई, वाढली! काही न्हाई, वाढली!" सुशी माझ्या तोंडावर हात ठेवायला आली. मी तो सव्वादोनचा हात बाजूला केला, आणि ज्या आवाजावर जिंतूरची एस.टी. थांबली होती तो आवाज, कितीतरी वर्षांनी, माझ्या स्वतःच्या कामाला काढला.

"वाढली न्हाई! फुटली! सगळ्या फुटल्या! माझा हात अडीचचा हाय!"

माळवदाची माती खाली पडली. बाहेर म्हातारे पाव्हणे, सुशीचे होणारे सासरे, सुपारी हातात धरून उभे राहिले. "मास्तर," ते म्हणाले, "सुपारीच्या आधी बांगडी फुटली. अन् वर लेकीनं फुटली म्हणून सांगितलं. हे काही खरं न्हाई. राम राम." धाकटाही उठला, आणि जाता जाता त्यानं आत बघून मला हात जोडले. त्याच्या चेहऱ्यावर असा सुटकेचा आनंद होता की पाच मिनिटांपुरता तो मला खरंच आवडला.

दादा आतल्या दारात आले. त्यांनी आधी माझं मनगट बघितलं, खिशातली दस्ती काढून त्यावर बांधली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघून विचारलं, "कौसा, तुला जायचं होतं का औरंगाबादला?"

"होय, दादा."

"मग तू न्हाई म्हणलीस, असं..."

"ते मी न्हाई, दादा. आमी म्हणलं."

दादा मास्तर होते. उभ्या जन्मात त्यांनी पोरांना सर्वनामं शिकवली. त्यांना बरोबर कळलं. वसरीत गेले, टोपी घातली, आणि मामाला तार करायला तडक सेलूला निघाले. त्या तारेचं उत्तर येईपर्यंत त्यांनी अंगातला सदरा बदलला नाही, आणि 'पाठवून द्या' असं उत्तर आलं तेव्हा म्हशीला पेढा चारला.

सुशी कोपऱ्यात काचा वेचत होती. एक एक, पदरात. ती म्हणाली, "कौशे, तू माझा हात सोडलास." तिचा आवाज पहिल्यांदा मला स्पष्ट ऐकू आला, आणि तो अगदी एकट्या माणसाचा होता. पण मी तिच्याजवळ जाऊन बसले नाही. त्या संध्याकाळी दुकानातून निरोप आला, सुशी जेवत नाही, कौशीला पाठवा. मी सवयीनं उठले. मायनं मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि निरोप्याला दारातूनच सांगितलं, "भूक लागल्यावर जेवल म्हणावं." आणि ती जेवली. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं वाढून घेऊन जेवली, असं कळलं. मायनं हे ऐकलं आणि म्हशीला एक पेंढी जास्त टाकली.

पुढची गोष्ट इथंच सांगून घेते, नाहीतर राहून जाईल. बऱ्याच वर्षांनी सुशी बाळंतपणाला आली ती नेमकी मी ज्या वॉर्डात सिस्टर होते तिथंच. ताडकळसहून जीपमध्ये घालून आणलेली. मला बघितल्याबरोबर तिनं माझा हात पकडला आणि कळ आली तशी किंचाळली, "कौशे, आमाला लय दुखायलंय ग!" मी तिचं बोट न बोट सोडवलं, तिच्या हातात खाटेचा दांडा दिला आणि म्हणाले, "तुला दुखायलंय, सुशे. मला काहीबी दुखत न्हाई. तू मूठ वळ." ती कळांच्या मधोमध हसली. खोटं नाही सांगत, तसल्या अवस्थेत बाई हसलेली मी नोकरीत तेवढीच बघितली. मुलगी झाली. आवाज खणखणीत. सुशी म्हणाली, "तुझ्यावर गेली." मी म्हणाले, "तिच्या स्वतःवर गेली." आता सुशीचे दिवाळीला फोन येतात. अजून मधूनच 'आमी' म्हणते. मी विचारते, "आमी म्हणजे कोण कोण?" मग ती म्हणते, "मी ग बाई, मी."

तर औरंगाबाद. ज्या सकाळी मी निघाले त्या सकाळी गावातून जाताना कापडदुकानाच्या माळवदावर सुशी उभी होती. पाठमोरी. मी हाक मारली नाही. माझी हाक म्हणजे तुम्हाला माहीत आहे, तिला वळावंच लागलं असतं. देवगाव फाट्यावर दादांनी माझी पत्र्याची पेटी खाली ठेवली. औरंगाबादची गाडी यायला वेळ होता. फाट्यावर एक टपरीवजा हॉटेल होतं, भट्टीवर कढई, आणि कढईतून तो वास. कांदा, मिरची, शेंगदाणे. माझ्या पोटात इतक्या वर्षांची भूक एकदम उठून उभी राहिली. दादा चहा सांगून बाकड्यावर बसले. हॉटेलवाल्यानं फडक्याला हात पुसत माझ्याकडं बघितलं आणि आपल्याकडं विचारतात तसं विचारलं, "बाई, तुमाला काय देऊ?"

तोंडातून सवयीनं 'आ' निघाला होता. मी तो गिळला.

"मला सुशीला," मी म्हणाले. जरा मोठ्यानंच म्हणाले असेन, कारण जालन्याकडं निघालेला एक ट्रक थांबला. "दोन पलेट. अन् वरून शेव टाका."

दादांनी चहाची बशी खाली ठेवली. "कौसा, अगं, तू तर सुशीला खात न्हाईस."

मी पहिला घास तोंडात घातला. शेंगदाणा दाताखाली कुरकुरला, मिरची नाकात गेली, डोळ्यांतून पाणी आलं. मी बशी दादांच्या पुढं सरकवली नाही. दोन्ही पलेट मी एकटीनं खाल्ल्या.